उपहास आणि शब्दांचे आयुष्य

सोळाव्या शतकात इंग्रजी भाषेत लॅटिन व ग्रीक शब्दांचा मोठा ओघ सुरू झाला. विरोधकांनी अशा शब्दांना ‘इंकहॉर्न’ शब्द असे हेटाळणीचे नाव दिले. इंकहॉर्न म्हणजे शिंगाची दौत. हे शब्द तोंडी व्यवहारातले नसून दौतीतून उपजलेले आहेत, हा त्या नावातील टोमणा. या वादातील थट्टेचे वाङ्मय केवळ विनोद म्हणून बाजूस सारण्याजोगे नाही. शब्देतिहासाच्या दृष्टीने तो महत्त्वाचा पुरावा आहे.

टॉमस विल्सन याने १५५३ साली प्रसिद्ध केलेल्या अलंकारशास्त्रावरील ग्रंथात एक नमुनेदार पत्र दिले आहे. लिंकनशरमधील एका गृहस्थाने धर्मोपदेशकाची रिकामी जागा मिळविण्यासाठी ते लिहिले, अशी बतावणी आहे. त्यात विशाल या अर्थी ‘इंजेंट’ आणि विनविणे या अर्थी ‘ऑब्टेस्टेट’ असे शब्द येतात. त्याच पंक्तीत ‘सेलिब्रेट’, ‘डेक्स्टेरिटी’ व ‘मंडेन’ हेही बसविले आहेत. विल्सनच्या लेखी पाचही सारखेच हास्यास्पद होते. पुढे पहिले दोन लोपले. उरलेले तीन आज इंग्रजीत पूर्ण रुळलेले आहेत.

याच काळात सर जॉन चीक याने उलट मार्ग धरला. मॅथ्यूच्या शुभवर्तमानाचा अनुवाद करताना ‘सेंच्युरियन’ऐवजी त्याने ‘हंड्रेडर’, ‘लुनॅटिक’ऐवजी ‘मून्ड’ आणि ‘क्रुसिफाइड’ऐवजी ‘क्रॉस्ड’ असे शब्द योजिले. ते सुबोध असूनही त्या अर्थी रूढ झाले नाहीत. शिवाय ‘क्रॉस’ हा शब्द मुळात लॅटिन ‘क्रुक्स’ यापासूनच आलेला. म्हणजे शुद्धीसाठी निवडलेला शब्दही जुना पाहुणाच होता. दीर्घ सहवासामुळे त्याचे परकेपण विसरले गेले होते, इतकेच.

या थट्टेचा कळस बेन जॉन्सन याच्या ‘पोएटास्टर’ या १६०१ सालच्या नाटकात दिसतो. त्यातील क्रिस्पिनस या पात्राला वांतीचे औषध दिले जाते आणि तो एकेक अवघड शब्द भांड्यात ओकतो. ही कल्पना ल्युशियन या ग्रीक लेखकाची. रोख मात्र समकालीन नाटककार जॉन मार्स्टन याच्यावर. ओकलेल्या शब्दांपैकी ‘ऑब्लॅट्रंट’, ‘ऑब्स्टुपिफॅक्ट’ व ‘ग्लिबरी’ हे नामशेष झाले. परंतु ‘कॉन्शस’, ‘स्ट्रेन्युअस’, ‘रेसिप्रोकल’ व ‘स्पुरियस’ हेही त्याच भांड्यात पडले होते. ‘डिफंक्ट’ याचा अर्थच मृत; तोही जिवंत राहिला. ‘क्लम्झी’ हा तर लॅटिनही नव्हे. थंडीने बधिर होणे या अर्थाच्या जुन्या क्रियापदाशी त्याचे नाते आहे. तेव्हा जॉन्सनच्या कानाला खटकत होते ते केवळ लॅटिनत्व नव्हे, तर नवेपण.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, विशिष्ट वर्षी कोणता शब्द कानाला परका वाटत होता, हे उपहासकाराइतके नेमके कोशकारही क्वचितच सांगू शकतो. दुसरी, शब्द टिकेल की नाही याविषयीचे त्याचे भाकीत मात्र भरवशाचे नसते. ‘कॉन्शस’ या शब्दावाचून आजचे इंग्रजी मानसशास्त्र चालणार नाही. १६०१ साली लंडनच्या रंगभूमीवर तो हशाचा विषय होता. म्हणून आजच्या कानाला स्वाभाविक वाटणाऱ्या शब्दावरून त्याच्या भूतकाळाचे अनुमान करणे धोक्याचे आहे. आणि नवा शब्द केवळ हास्यास्पद वाटतो म्हणून त्याचे मृत्युपत्र लिहिणे, हेही तितकेच उतावीळपणाचे होय.