देवाच्या नावाला बट्टा

१५ जानेवारी २०२५ रोजी पंतप्रधानांनी सकाळी मुंबईच्या नौदल गोदीत तीन युद्धनौका नौदलाच्या सेवेत दाखल केल्या आणि दुपारी खारघरला येऊन इस्कॉनच्या राधा-मदनमोहन मंदिराचे उद्घाटन केले. त्याआधी, १ सप्टेंबर २०२१ रोजी, याच संस्थेचे संस्थापक भक्तिवेदान्त स्वामी प्रभुपाद यांच्या १२५व्या जयंतीनिमित्त १२५ रुपयांचे स्मारक नाणे पंतप्रधानांच्याच हस्ते निघाले होते. या दोन घटनांच्या मध्ये, १६ एप्रिल २०२३ रोजी, खारघरच्याच मैदानावर राज्य सरकारने ज्येष्ठ निरूपणकार आप्पासाहेब धर्माधिकारी यांना ‘महाराष्ट्र भूषण’ पुरस्कार दिला. मंदिर आणि सरकारी व्यासपीठ यांचा थेट, तर नाण्याचा मंदिराच्या संस्थेमार्फत, सिडकोने आखलेल्या या उपनगराशी संबंध आला. म्हणून एका रूढ समजुतीची तपासणी इथून सुरू करणे सोयीचे आहे.

समजूत अशी की नोटेवर, नाण्यावर, टपाल तिकिटावर किंवा सरकारी सोहळ्यात देवधर्म आला की धर्माचा मान वाढतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये दिल्लीचे तेव्हाचे मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल यांनी नोटेवर लक्ष्मी-गणेशाचे चित्र छापण्याची मागणी केली, तेव्हा ही समजूत उघडपणे बोलली गेली. लगोलग आपल्याकडे कणकवलीचे आमदार नितेश राणे यांनी छत्रपती शिवाजी महाराजांचे चित्र असलेली दोनशेची नोट कल्पून समाजमाध्यमावर टाकली. मागण्या वेगळ्या, पण नोट हे मान देण्याचे ठिकाण आहे हे गृहीतक एकच.

आधी पूर्वपक्ष नीट मांडू. त्याचे मुद्दे चार. पहिला, देवदेवतांची नाणी ही आपली जुनी परंपरा आहे. दुसरा, अमेरिका डॉलरवर देवाचे नाव छापते आणि मुस्लिमबहुल इंडोनेशियाने नोटेवर गणपती छापला, मग आपल्यालाच संकोच का? तिसरा, आपल्या चलनावर धर्म आधीपासून आहेच, मग अर्धवट का? चौथा, बहुसंख्य लोक श्रद्धाळू असताना राज्याने श्रद्धेचा सन्मान केला तर बिघडले काय?

तिसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तो बराचसा खरा आहे. आपल्या नोटा धर्मापासून अलिप्त आहेत असे सांगून वाद मिटवणाऱ्यांनी खिशातल्या नोटा पाहिलेल्या नाहीत. आजच्या दहाच्या नोटेवर कोणार्कचे सूर्यमंदिर आहे, विसाच्या नोटेवर आपले वेरूळ, दोनशेच्या नोटेवर सांचीचा स्तूप. १९५४च्या हजाराच्या नोटेवर तंजावरचे बृहदीश्वर मंदिर होते. राजमुद्रेचे सिंह सारनाथच्या अशोकस्तंभाचे, म्हणजे बुद्धाच्या पहिल्या उपदेशाच्या जागेचे. खालचे ‘सत्यमेव जयते’ मुंडकोपनिषदातले. १५ ऑगस्ट १९४९ रोजी स्वतंत्र भारताने टपाल तिकिटांची जी पहिली नित्य वापराची मालिका काढली, तिच्यात नऊ पैच्या तिकिटावर त्रिमूर्ती होती, एक आण्याच्या तिकिटावर बोधिसत्त्व, दोन आण्यांवर नटराज. विजापूरचा गोलघुमट, अमृतसरचे सुवर्णमंदिर आणि पालिताण्याचे शत्रुंजय मंदिरही त्याच मालिकेत. १९५२ मध्ये कबीर, तुलसीदास, मीरा आणि सूरदास तिकिटांवर आले. संत ज्ञानेश्वर आणि संत तुकाराम तर नाण्यांवरही आले. २०१० साली निघालेल्या बृहदीश्वर मंदिराच्या आणि पुढच्या वैष्णोदेवीच्या नाण्यांविरुद्धची याचिका दिल्ली उच्च न्यायालयाने जानेवारी २०१८ मध्ये फेटाळली.

तेव्हा धर्माचा उल्लेख म्हणजे धर्मनिरपेक्षतेचा भंग, हा प्रतिपक्षाचा सरधोपट युक्तिवाद मला मान्य नाही. या देशाचे शिल्प, काव्य आणि इतिहास दाखवायचा तर धर्म टाळता येत नाही. पण यातूनच पूर्वपक्षाची खरी अडचण सुरू होते.

टपाल तिकिटाचे काम पुरे होते ते त्याच्यावर काळा शिक्का बसल्यावर. शिक्का बसला नाही तर टपालखात्याच्या दृष्टीने ते तिकीट न वापरलेलेच. नटराजाच्या तिकिटावर देशभरच्या टपाल कचेऱ्यांत असे शिक्के बसले आणि कोणाला अपमान वाटला नाही, कारण ते चित्र शिल्पाचे होते. त्याला कोणी नमस्कार करत नव्हते. नोटेचेही तसेच. ती घामेजल्या हातातून जाते, गुत्त्यावर जाते, लाचेच्या पाकिटात जाते. जीर्ण झाली की रिझर्व्ह बँक तिचा यंत्रात भुगा करून त्याच्या विटा दाबते. वेरूळचे चित्र हे सारे सोसते. पण पूर्वपक्षाला नोटेवर शिल्प नको, देव हवा आहे. त्याच्या कृपेने अर्थव्यवस्था सुधारावी अशी अपेक्षा आहे.

आता दोन्हीकडून कोंडी होते. नोटेवरचे चित्र केवळ चित्र असेल, तर त्याच्याकडून कृपेची अपेक्षा व्यर्थ. तो खरोखर देव असेल, तर त्याचा भुगा करण्याचे पातक रिझर्व्ह बँकेच्या माथी आणि गुत्त्यावर नेण्याचे आपल्या. गणपतीचे निर्माल्य पायदळी येऊ नये म्हणून आपण विसर्जनाच्या ठिकाणी निर्माल्य कलश ठेवतो. लग्नपत्रिकेवरच्या गणपतीचे पुढे काय करायचे, या प्रश्नाने घरोघर माणसे अडखळतात. ज्या समाजाची भावना इतकी हळवी आहे, त्याने अब्जावधी नोटांवर देव छापून घेण्याची मागणी करावी, हे त्या भावनेशीच विसंगत आहे.

ही विसंगती ज्यांना आधी उमगली, ते धर्मद्वेष्टे नव्हते. औरंगजेबाचा दाखला मराठी वाचकाला रुचणार नाही, पण तो इथे टाळता येत नाही. त्याने गादीवर येताच नाण्यांवरचा कलमा काढून टाकला. पवित्र वचन कोणाच्याही हाती पडून विटाळू नये, हे कारण तेव्हाच्या बखरकारांनी नोंदले आहे. त्याच्या धर्मनिष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. अमेरिकेत १८६४ साली, यादवी युद्ध चालू असताना, दोन सेंटच्या नाण्यावर देवावरील विश्वासाचे वचन प्रथम आले. १९०७ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांनी नव्या सुवर्णनाण्यांवरून ते काढले. नाण्यावर देवाचे नाव घालणे त्यांना देवाची अवज्ञा वाटत होती. पुढच्याच वर्षी तिथल्या काँग्रेसने ते परत आणले, आणि सोव्हिएत संघाशी शीतयुद्ध चालू असताना १९५५च्या कायद्याने ते सर्व चलनावर सक्तीचे झाले. १९७० मध्ये त्याला आव्हान मिळाले, तेव्हा अपील न्यायालयाने ते वाचवले; कारण दिले की या वचनाला धर्मशास्त्रीय अर्थ नाही, ते देशप्रेमाचे आणि औपचारिक आहे. म्हणजे नाण्यावर राहण्यासाठी देवाला आपले देवपण न्यायालयात सोडावे लागले. यात मान वाढला की घटला?

इंडोनेशियाच्या गणपतीची कथा तर वस्तुस्थितीवर टिकत नाही. ती २०,००० रुपियाची नोट १९९८ची, म्हणजे ज्या वर्षी रुपिया कोसळला आणि सुहार्तोंची राजवट गेली त्याच वर्षातली. तिच्यावर मुख्य चित्र शिक्षणतज्ज्ञ की हाजार देवांतारा यांचे, मागे शाळेचा वर्ग. गणपती तिथे विद्येचे चिन्ह म्हणून आला होता. ती नोट २००८च्या अखेरीस चलनातून बाद झाली.

उरली परंपरा. गुप्तांच्या नाण्यांवर लक्ष्मी आहे, विजयनगरच्या होनांवर देव आहेत, हे निर्विवाद. पण महंमद घोरीच्या सुवर्णनाण्यावरही लक्ष्मी आहे, सोबत नागरीत त्याचे नाव. घोरी लक्ष्मीचा भक्त होता असे कोणी म्हणणार नाही. जिंकलेल्या मुलखात लोक ज्या नाण्यावर विश्वास ठेवत होते, तेच त्याने चालू ठेवले. अकबराने राम-सीतेचे नाणे पाडले, त्यामागे त्याचे सर्वांना सामावून घेण्याचे धोरण होते. नाण्यावरचा देव बहुतेक वेळा राजाच्या गरजेची खूण असतो. भक्तीची असतेच असे नाही.

आणि मराठी परंपरा काय सांगते? तुळजाभवानी हे ज्यांचे कुलदैवत, त्या शिवाजी महाराजांच्या शिवराईवर एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ एवढीच अक्षरे आहेत. ‘श्री’ आहे, पण भवानी नाही, शंभुमहादेव नाही. पेशव्यांच्या काळात पुण्याच्या रुपयावर दिल्लीच्या बादशहाचे नाव फारसीत असे, फार तर अंकुशाची खूण. पेशव्यांचे ब्राह्मण्य त्याने बुडाले नाही. अहिल्याबाई होळकरांच्या महेश्वरच्या रुपयावर शिवलिंग आणि बेलाचे पान आहे, हे खरे. पण त्याच रुपयावर शाह आलमचेही नाव आहे. या सगळ्या रुपयांचे खरे मोल ठरवी तो सराफ. तो चांदी पारखून बट्टा कापी, आणि बट्टा कापताना वरचे नाव देवाचे की बादशहाचे, हे त्याला विचारावे लागत नसे.

एक तोटा मात्र हमखास होतो. चलनावर धर्म शोधायची सवय लागली की माणसे प्रत्येक रेघेकडे संशयाने पाहू लागतात. १९११च्या पाचव्या जॉर्जच्या रुपयावर राजाच्या गळ्यातल्या मानचिन्हाचा हत्ती काहींना डुकरासारखा दिसला, ओरड झाली, रुपया परत घ्यावा लागला आणि सोंड स्पष्ट करून नवा काढावा लागला. जवळजवळ शंभर वर्षांनी, २००६च्या सुमारास, दोन रुपयांच्या नाण्यावर विविधतेतील एकता दाखवणाऱ्या रेषांत काहींना क्रूस दिसला. नाणे बनवणाऱ्यांच्या मनात नसलेला धर्म पाहणाऱ्यांनी त्यात घातला. मग जिथे मुद्दाम धर्म घातला जाईल, तिथे कोणाचा देव मोठ्या किमतीच्या नोटेवर आणि कोणाचा छोट्या, हे भांडण किती दिवस लांबणीवर पडेल?

घटनाकारांनी हे भांडण पाहिले होते. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी मध्य प्रांत-वऱ्हाडातून निवडून आलेले हरी विष्णू कामत यांनी संविधानाच्या उद्देशिकेची सुरुवात ईश्वराच्या नावाने करावी अशी दुरुस्ती मांडली. कामाख्येच्या आसामातले रोहिणीकुमार चौधरी यांनी विचारले की देवच का, देवी का नको? गोखल्यांनी स्थापलेल्या भारत सेवक समाजाचे अध्यक्ष हृदयनाथ कुंझरू यांनी अशा बाबतीत सामूहिक मत कोणावर लादू नये असे बजावले. दुरुस्ती ४१ विरुद्ध ६८ मतांनी पडली. त्याच संविधान सभेने शपथेच्या नमुन्यात मात्र ईश्वरसाक्ष शपथ आणि गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा असे दोन्ही पर्याय ठेवले. देवाला संविधानातून हाकलले नाही. त्याला शपथ घेणाऱ्याच्या मर्जीवर सोपवले. श्रद्धेचा याहून मोठा सन्मान राज्याला करता येत नाही.

चौथा मुद्दा सन्मानाचा, आणि त्यासाठी पुन्हा खारघरला यावे लागते. ‘महाराष्ट्र भूषण’ हा पु. ल. देशपांड्यांपासून सुरू झालेला राज्याचा सर्वोच्च पुरस्कार. धर्माधिकारींच्या बैठकींतून व्यसनमुक्ती, वृक्षारोपण आणि स्वच्छतेचे मोठे काम झाले आहे. त्याचा गौरव सरकारने करावा यात आक्षेपार्ह काही नाही. पण तो गौरव एप्रिलच्या मध्यावर, भर उन्हात, लाखो श्रीसदस्यांना, म्हणजे त्यांच्या अनुयायांना, उघड्या मैदानावर बसवून करण्यात आला. १४ माणसे गेली. शिस्तीने, श्रद्धेने बसलेली माणसे. सत्कार धर्मकार्याचा होता की गर्दीचा? श्रद्धेचा सन्मान करायचा असता, तर आधी श्रद्धाळूंच्या डोक्यावर सावली आली असती.

सोसायटीच्या जिन्यात लोक पान खाऊन थुंकू नयेत म्हणून कोपऱ्याकोपऱ्यांवर देवांच्या फरशा बसवतात. त्यात देवाचा मान वाढला असे कोणी म्हणत नाही. भिंत स्वच्छ राहते इतकेच. राज्य जेव्हा चलनाला, निवडणुकीला किंवा सोहळ्याला देवाचा टेकू देते, तेव्हाही काम देवाचे असते आणि फायदा भिंतीचा.

म्हणून निवाडा असा. शिल्प, संतकवी, स्तूप, घुमट आणि मंदिरे तिकिटांवर आणि नोटांवर खुशाल यावीत. ती सर्वांची आहेत आणि शिक्का सोसतात. ज्याला हात जोडायचे आहेत तो देव तिथे नको, कारण तिथे त्याची विटंबना ठरलेली आहे. आणि सरकारला एखाद्या धर्मपुरुषाचा सत्कार करायचा असेल, तर त्याने आधी मांडव घालावा, पाणी ठेवावे, दुपारची वेळ टाळावी, मग शाल आणावी. धर्माभिमानी वाचकाला एवढेच सांगणे आहे की नोटेवर देव मागण्यापूर्वी आपल्या नोटा कुठे कुठे जातात, याचा हिशेब एकदा मांडून पाहावा.