मत्स्यविनोद : कल्याणीच्या राजाचा गळ

युरोपच्या उत्तरेस आणि अमेरिका खंडांतील कॅनडा देशांत हिंवाळ्यांत सरोवरें गोठतात. त्या दिवसांत तेथील लोक बर्फाच्या थराला भोंक पाडतात, त्यांतून बारीक दोरीचा गळ खालीं सोडतात आणि पर्च नांवाचा पट्टेदार मासा धरतात. हा मासा कडाक्याच्या थंडींतहि आमिषास तोंड लावतो. म्हणून नवशिक्यास पहिला धडा बहुधा त्याच्यावरच मिळतो. बर्फाखालीं मासा जगतो कसा, याचें उत्तर पाण्याच्या एका गुणधर्मांत आहे. पाणी सुमारें ४ अंश सेंटिग्रेडला सर्वांत जड असतें. तें तळाशीं जातें, हलका बर्फ वर तरंगतो, आणि मधल्या पाण्यांत जलचरांचा संसार मंदगतीनें कां होईना, चालूं राहतो.

नांदेड-लातूरकडे बर्फ दिसतो तो रसवंतीच्या दुकानांत. येथील माशांस कठीण काळ म्हणजे चैत्र-वैशाख. नदीचा प्रवाह तुटतो, वाळू उघडी पडते आणि मासे डोहांत गोळा होतात. तिकडे मासा थंडीनें कोंडला जातो, इकडे उन्हानें. गळ टाकून बसणाऱ्यास दोन्हीकडे प्रथम एकच गोष्ट शिकावी लागते : मासा कोठें थांबला आहे आणि काय खातो, हें ओळखणें. या विद्येचा एक फार जुना लेखी पाठ मांजरेच्या खोऱ्यावर राज्य करणाऱ्या राजानेंच सांगून ठेवला आहे, हें मात्र त्या खोऱ्यांतील फारच थोड्या लोकांस ठाऊक असेल.

हा राजा म्हणजे कल्याणीचा चालुक्य तिसरा सोमेश्वर. त्याचा पिता सहावा विक्रमादित्य यानें १०७६ पासून ११२६ पर्यंत राज्य केलें. बिल्हण कवि त्याच्याच दरबारीं होता, आणि ‘मिताक्षरा’ लिहिणारा विज्ञानेश्वर त्याच्याच राजधानींत. पित्याची लढाऊ वृत्ति पुत्रांत फारशी उतरली नाहीं. विद्येची आवड मात्र पुरेपूर उतरली. ज्या कल्याणीस त्याचें सिंहासन होतें, ती आजची बसवकल्याण. निलंगा आणि उदगीर हे तालुके १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यांत मोडत. बसवकल्याण आजहि त्याच जिल्ह्यांत आहे. प्रांतांच्या सीमा पुढें बदलल्या, म्हणून सोमेश्वर परका वाटूं लागला इतकेंच. त्याच्याहि पूर्वीं राष्ट्रकूट राजे आपणांस ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवीत, आणि तें लट्टलूर म्हणजेच लातूर, असें बहुतेक विद्वान् मानतात. कंधारचा जगत्तुंग सागर हा तलाव त्या राष्ट्रकूटांच्या काळचा. तेव्हां तळीं, नद्या आणि त्यांतील मासे यांचा परिचय या भागाच्या राज्यकर्त्यांस सोमेश्वराच्या आधींपासून होता, असें समजण्यास हरकत नाहीं.

सोमेश्वराच्या ग्रंथाचें नांव ‘मानसोल्लास’. ‘अभिलषितार्थचिंतामणि’ या नांवानेंहि तो प्रसिद्ध आहे. त्याचा रचनाकाल शके १०५१, म्हणजे इसवी सन ११२९ च्या सुमाराचा. ग्रंथाचे पांच भाग असून प्रत्येकांत वीस प्रकरणें आहेत. राज्य कसें मिळवावें आणि कसें टिकवावें येथपासून राजानें खावें काय, ल्यावें काय, येथपर्यंत सर्व कांहीं त्यांत आलें आहे. मांडे, वडे आणि इडलीची पूर्वज ‘इड्डरिका’ या ग्रंथांत भेटतात. महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडतांना ओव्या गातात, ही नोंदहि येथेंच सांपडते. चौथा भाग विनोदांचा, म्हणजे करमणुकीच्या प्रकारांचा. हत्ती, घोडे, मल्ल, कोंबडे, ससाणे यांच्या पंक्तींत माशांचें एक प्रकरण आहे. तेंच ‘मत्स्यविनोद’.

या प्रकरणांत समुद्रांतील आणि गोड्या पाण्यांतील मिळून सुमारें ३५ प्रकारचे मासे सांगितले आहेत. त्यांची वांटणी करतांना राजानें प्रथम खवले असलेले आणि खवले नसलेले असे दोन वर्ग पाडले. मग मोठे, मध्यम व लहान असे आकारावरून भेद केले. शाळेंत प्राणिशास्त्र शिकविणाऱ्यासहि ही पद्धत नांवें ठेवण्याजोगी वाटणार नाहीं. परंतु या प्रकरणाचा खरा मोल वाटावा असा भाग पुढें आहे. कोणत्या माशास काय चारावें, हें राजा सांगतो. कोणास धान्याचें अन्न, कोणास मांस. आधीं माशास जाणावें, मग गळाची गोष्ट काढावी, असा त्याचा क्रम आहे. आजचा उतावळा नवशिका नेमका याच्या उलट वागतो. तो बाजारांतून चकचकीत काठी आणतो, पहिल्या दिवशीं दहा जागा बदलतो आणि सायंकाळीं नदींत मासेच उरले नाहींत असा निर्णय देऊन घरीं जातो.

राजाला ही माहिती मिळाली कोठून? सिंहासनावर बसून माशाची भूक कळत नाहीं. तळ्याकांठीं जन्म घालविणाऱ्या भोई-कोळ्यांनींच ती दिली असली पाहिजे. दुसरा मार्ग संभवत नाहीं. ग्रंथावर नांव राजाचें राहिलें. शिकविणारांपैकीं एकाचेंहि नांव इतिहासास ठाऊक नाहीं.

माशांविषयींची राजाज्ञा हिंदुस्थानांत याहून पुष्कळ जुनी आहे. सम्राट् अशोकानें आपल्या पांचव्या स्तंभलेखांत, राज्याभिषेकास सव्वीस वर्षें झाल्यावर, कांहीं मासे अवध्य ठरविले आणि ठराविक तिथींस मासे मारण्यास व विकण्यास मनाई केली. पण ती आज्ञा झाली, शिकवण नव्हे. युरोपांत इलियन या ग्रंथकारानें इसवी सन २०० च्या सुमारास मॅसिडोनियांतील गळाच्या एका रीतीचें वर्णन केलें आहे. इंग्लंडांत मात्र गळानें मासे धरण्यावरील पहिलें छापील पुस्तक निघालें तें १४९६ सालीं, आणि वॉल्टनचा विख्यात ग्रंथ १६५३ सालीं. म्हणजे सोमेश्वर त्या इंग्रजी पुस्तकाच्या साडेतीनशें वर्षांहून अधिक आधींचा. तरीहि इंग्रजी शिकलेल्या पिढ्यांस वॉल्टन ठाऊक होता, सोमेश्वर नव्हता. ‘मानसोल्लासा’चे पहिले दोन खंड बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत १९२५ व १९३९ सालीं निघाले, तिसरा १९६१ सालीं. मत्स्यविनोदाकडे शास्त्रज्ञांचें लक्ष वेधलें तें डॉ. सुंदरलाल होरा यांनीं. मत्स्यशास्त्रांत जगन्मान्य झालेल्या या पंजाबी विद्वानानें १९५१ सालीं त्यावर इंग्रजींत लेख लिहून जुनीं संस्कृत नांवें व आजचे मासे यांची सांगड घालण्याचा यत्न केला.

गोदावरी-मांजरेच्या कांठीं हा पाठ ग्रंथाविनाच चालत आला. मरळ या माशाचें उदाहरण पुरेसें आहे. मरळीच्या डोक्यांत कल्ल्यांच्या वरच्या बाजूस हवा घेण्याची पोकळी असते. पाण्यांतील प्राणवायु कमी झाला तरी ती वर येऊन श्वास घेते. ओलसर चिखलांतहि कांहीं काळ तग धरते. उन्हाळ्याच्या डोहांत म्हणूनच ती शेवटपर्यंत टिकते. पाणी स्थिर असतां एके जागीं हलकेंच वर्तुळ उठतें, बुडबुडा फुटतो, आणि जाणता भोई हातानें खूण करून दाखवितो. नवशिक्यास तेथें कांहींच दिसत नाहीं. दहा-पांच दिवस बसल्यावर दिसूं लागतें. त्याच डोहांत खवले नसलेला, मिशाळ शिंगटा तळाशीं असतो आणि लांबट वाम दगडांच्या सांदींत. त्यांस उथळ सोडलेला गळ कळतहि नाहीं.

मरळीविषयीं आणखी एक गोष्ट जाणते लोक मुलांस आवर्जून सांगतात. पावसाळ्यांत तिच्या पिलांचा तांबूस पुंजका पाण्यावर हिंडतो आणि मोठी मरळ त्याच्या खालीं राखण करीत असते. जवळ येणाऱ्या कोणत्याहि वस्तूवर ती तुटून पडते, म्हणून त्या वेळीं तिला धरणें अगदीं सोपें. सोपें आहे म्हणूनच तें वर्ज्य. राखणदार गेला कीं पिलें इतर माशांच्या भक्ष्यस्थानीं पडतात, आणि पुढच्या उन्हाळ्यांत डोह रिकामा.

गेल्या सत्तर वर्षांत या नद्यांचें रूप पालटलें. मांजरेवर धनेगांवला धरण झालें, गोदावरीवर नांदेडजवळ विष्णुपुरीचा प्रकल्प झाला, मन्याडावर बारूळला धरण झालें. साठलेल्या पाण्यास पुष्कळ बीज लागतें. १० जुलै १९५७ रोजीं ओरिसांत डॉ. हिरालाल चौधरी यांनीं ग्रंथिरसाची सुई देऊन मोठ्या जातीच्या माशांकडून अंडीं घालवून घेतलीं, तेव्हांपासून रोहू, कटला व मृगळ यांचें बीज हवें तेथें तयार करतां येऊं लागलें. या शोधानें पुष्कळांच्या ताटांत मासा आला, हें मान्य केलेंच पाहिजे. त्याबरोबर परदेशी मासेहि आले. तिलापिया १९५२ सालीं हिंदुस्थानांत आणला गेला. आफ्रिकेचा मांगूर तर इतर माशांस खाऊन टाकतो म्हणून सरकारनें २००० सालीं त्याच्या पैदाशीवर बंदी घातली, तरी तो चोरवाटेनें पसरलाच. आज विष्णुपुरीच्या कांठीं गळ टाकणाऱ्या मुलास पहिला मासा लागतो तो बहुधा तिलापिया. त्याला सोमेश्वराच्या यादींत नांव असणें शक्यच नव्हतें.

त्याहून मोठी हानि वाळूच्या उपशानें झाली. वाळू गेली कीं डोहाचा आकार मोडतो, पाणी धरून ठेवणारा थर नाहींसा होतो. २०१६ च्या एप्रिल महिन्यांत मांजरेचें पाणी इतकें संपलें कीं लातूर शहरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींत सुमारें पांच लाख लिटर पाणी होतें. वर्तमानपत्रांनीं माणसांच्या तहानेविषयीं लिहिलें, आणि तें योग्यच होतें. परंतु ज्या डोहांत मासे वैशाख काढीत, तेहि त्या वर्षीं कोरडे पडले होते, याची बातमी झाली नाहीं.

नांदेडच्या घाटांवर भाविक मंडळी आजहि माशांस कणकेच्या गोळ्या टाकतात. तें पुण्यासाठीं असतें, गळासाठीं नव्हे. गोळी पाण्यावर पडतांच कोणता मासा वर येतो, कोणता खालींच थांबतो आणि कोणता बुडालेला तुकडा मागाहून उचलतो, हें घाटाच्या पायरीवर बसून कोणासहि पाहतां येतें. सोमेश्वराचें प्रकरण तेथूनच सुरू होतें. काठी, दोरी आणि गळ हीं त्यानंतरचीं.