निकालाची मालकी

ज्या समुद्रात कान्होजी आंग्र्यांच्या दस्तकावाचून व्यापारी गलबतांस निर्वेध वाट नव्हती, त्याच्या काठी अलिबाग, नागाव, मुरूड येथील पुळणीवर ओहोटीच्या घट्ट वाळूत बैलगाड्यांच्या शर्यती लागल्या म्हणजे पाहणाऱ्यास कोणाचा परवाना लागत नाही. आणि कोणाची जोडी पुढे आली हे त्याने गावात जाऊन सांगितले तर त्यात कोणाच्या मिळकतीचा अपहार होतो, अशी शंका आमच्या वाडवडिलांस आली नसावी. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या शर्यती बंद केल्या आणि १६ डिसेंबर २०२१ रोजी त्यांस सशर्त मुभा दिली. पण त्या साऱ्या दीर्घ वादाचा विषय बैलांच्या यातना हा होता, निकालाची मालकी नव्हे.

मालकीचा तंटा सिडनीत झाला. तेथील घोडदौडीच्या मैदानालगत एका शेजाऱ्याच्या जागेत मनोरा उभारून नभोवाणीचा निवेदक कुंपणाआतील हकीकत श्रोत्यांस कळवू लागला, तेव्हा मैदानाच्या मालकांनी फिर्याद केली. परंतु देखाव्यावर मालमत्तेचा हक्क पोहोचत नाही, असा निर्णय ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने १९३७ मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी दिला.

आपल्याकडे न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी क्रिकेट प्रक्षेपणाच्याच वादात, फेब्रुवारी १९९५ मध्ये, प्रक्षेपणाच्या रेडिओलहरी ही सार्वजनिक संपत्ती असल्याचे सांगितले होते. पुढे भ्रमणध्वनीवर चेंडूगणिक धावसंख्या कळविणाऱ्यांवर प्रक्षेपणाचे हक्क विकत घेतलेल्या स्टार इंडियाने दावा लावला. मार्च २०१३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी, मोबदला घेऊन अशी वार्ता देणाऱ्याने पंधरा मिनिटे थांबावे, असा मनाई हुकूम केला. तो ऑगस्टमध्ये खंडपीठाने रद्द केला. स्वामित्वहक्क कायद्याबाहेर, केवळ घडलेल्या गोष्टीवर, असा हक्क निर्माण करता येत नाही, ही त्यामागील मुख्य भूमिका होती, आणि ती मला सर्वथैव न्याय्य वाटते.

मैदान, पंच, बक्षिसे यांचा खर्च सोसणाऱ्याचे श्रम मी क्षुल्लक मानीत नाही. त्याने प्रवेशाचे शुल्क घ्यावे, चित्रीकरणाचा मक्ता द्यावा. कायद्याच्या कलम ३७ ने प्रक्षेपणावरील हक्कास पंचवीस वर्षांचे संरक्षण दिलेच आहे. मात्र पडलेल्या गड्याची वार्ता जो प्रथम ऐकतो, त्यास ती शेजाऱ्याला सांगण्यापूर्वी कोणाची सनद मागावी लागू नये.