दाताचा दवाखाना, उदबत्ती आणि शून्य

पिंपरीत 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. पुढे बजाज आली, टेल्को आली, 1972 साली प्राधिकरण स्थापन झालं आणि निगडी-आकुर्डीकडे वस्ती वाढत गेली. वस्तीमागोमाग दातांचे डॉक्टरही आले. कामगाराला पीएफ होता, ग्रॅच्युइटी होती. डेंटिस्टला यातलं काहीच नाही. त्याचा पीएफ म्हणजे त्याचा दवाखाना!

त्या पिढीतले बरेच डॉक्टर आता निवृत्तीला आलेत. मुलं आपल्यासारखी हिंजवडीत, नाहीतर पार साता समुद्रापलीकडे. मग दवाखाना विकायचा.. पण म्हणजे नक्की काय विकायचं? माझ्या ओळखीच्या एका डॉक्टरांनी शटर ओढायचं ठरवलं, तेव्हा त्यांच्या हिशेबात फक्त खुर्ची, एक्स-रे मशीन आणि कॉम्प्रेसर होता. "दात दुखतोय? मग त्यांच्याकडेच जा" असं सगळी सोसायटी पंचवीस वर्षं म्हणत आली, त्याचे पैसे कुठेच धरलेले नव्हते. यालाच गुडविल म्हणतात.

आणि या गुडविलवरच्या टॅक्सचा इतिहास मोठा मजेशीर आहे.

बंगलोरला उदबत्त्या बनवणारी एक भागीदारी पेढी होती. 1965 च्या शेवटी ती विसर्जित झाली आणि तिचा धंदा नव्या पेढीकडे गेला. गुडविलची किंमत धरली होती दीड लाख. टॅक्सवाले म्हणाले, हा भांडवली नफा. प्रकरण गेलं सुप्रीम कोर्टात. 1981 साली (श्रीनिवास शेट्टी खटला) कोर्ट म्हणालं, नफा काढायला विक्रीतून खरेदी वजा करावी लागते. कमावलेल्या नावाची खरेदी किंमत सांगताच येत नसेल, तर टॅक्स लागणार कसा? थोडक्यात, नल व्हॅल्यू!

मग 1987 साली संसदेनं पॅच मारला: खरेदी किंमत शून्य धरा. (नल आणि शून्य यातला फरक तुम्हाला सांगायला नकोच.) पण त्यात शब्द होता 'बिझनेस'. 'प्रोफेशन', म्हणजे आपले डॉक्टर-वकील, त्यात यायला 2021 उजाडलं. चौतीस वर्षं! त्याआधी 2016 साली आणखी एक बदल झाला होता. "मी या भागात पुन्हा प्रॅक्टिस करणार नाही" या हमीचे पैसे प्रोफेशनवाल्यांसाठीही सरळ उत्पन्नात धरले जाऊ लागले.

आता आकडे बघा. जुन्या दवाखान्याच्या गुडविलचे 20 लाख आले, तर जुलै 2024 पासूनच्या 12.5 टक्के दरानं टॅक्स अडीच लाख. तेच 20 लाख करारात 'प्रॅक्टिस न करण्याची हमी' म्हणून आले आणि डॉक्टर 30 टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असले, तर सहा लाख (सेस वगैरे वेगळा). म्हणून यंत्रं, गाळा, गुडविल, हमी यांची खरीखुरी किंमत करारात वेगवेगळी लिहायची, आणि सीएकडे सही करण्याआधी जायचं, नंतर नाही.

पण गुडविल उदबत्तीसारखंच. विझल्यावर वास फार वेळ टिकत नाही. शटर पडलं की पेशंट चार दिवसांत दुसरा डॉक्टर शोधतात. म्हणून तयारी दोन-तीन वर्षं आधी हवी: हिशेब स्वच्छ, पेशंटच्या नोंदी नीट, आणि नव्या डॉक्टरबरोबर काही महिने शेजारी बसून ओळखी करून देणं.

असो. घरात कुणी दवाखाना बंद करायच्या गोष्टी करत असेल, तर खुर्ची भंगारात काढण्याआधी त्यांना एवढंच विचारा, "पाटीवरच्या नावाचे किती धरलेत?"