अस्थींची साक्ष

ताम्रपट, बखरी आणि दफ्तरें यांवरून इतिहास रचण्याची आम्हां लोकांस इतकी संवय जडली आहे कीं, ज्यांच्याविषयीं कोणासही लेखणी उचलावीशी वाटली नाहीं त्यांनाही कांहीं इतिहास असेल, हें सहसा मनांत येत नाहीं. असा एक पुरुष राजस्थानांत उदेपूरजवळ बालाथल येथें सुमारें चार हजार वर्षें मातीखालीं पडून होता. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनें राजस्थान विद्यापीठाच्या सहकार्यानें तेथें केलेल्या उत्खननांत त्याचा सांगाडा हातीं लागला. ग्वेन रॉबिन्स व त्यांचे सहकारी यांनीं त्याची परीक्षा करून २००९ सालीं तिचा वृत्तांत प्रसिद्ध केला. तो पुरुष मध्यम वयाचा असून महारोगानें पीडित होता, असा त्यांचा निर्णय आहे. हाडांवर सांपडलेला या रोगाचा इतका जुना पुरावा तोंपर्यंत जगांत दुसरा नव्हता.

हाडांवरून रोग ओळखावा कसा, अशी शंका वाचकांस येईल. १८७३ सालीं नॉर्वेंतील आर्मावर हान्सेन यानें ज्या जंतूचा शोध लावला, तो मज्जातंतूंत ठाण मांडतो. हातापायांची संवेदना जाते. निखाऱ्यावर पाय पडला तरी कळत नाहीं. जखमा चिघळतात, आणि बोटांचीं हाडें झिजत झिजत पेन्सिलीच्या टोकासारखीं निमुळतीं होतात. नाकाच्या आंतही तेंच चालतें. तेथील अस्थिकंटक विरतो, नासारंध्राच्या कडा झिजून बोथट होतात, वरच्या पुढच्या दातांचा आधार सुटतो. मोलर-क्रिस्टेन्सन या डॅनिश डॉक्टरानें १९४८ पासून नेस्टवेड येथील महारोग्यांची मध्ययुगीन दफनभूमि खणून, शेंकडों सांगाडे तपासून, चेहऱ्यावरच्या या खुणा निश्चित केल्या. वैद्यकीचा धंदा संभाळून केलेला हा उद्योग! आमच्याकडील किती डॉक्टरांस असला नाद असेल? बालाथलच्या पुरुषाच्या चेहऱ्याच्या हाडांवर याच जातीची झीज आढळली.

रोगट हाड पाहिलें कीं दुबळा मनुष्य डोळ्यांपुढें उभा राहतो. वस्तुस्थिति बहुधा उलट असते. १८९७ सालीं पुण्यांत जो प्लेग आमच्या पूर्वजांनीं पाहिला, तसल्या प्लेगनें किंवा पटकीनें चार दिवसांत मेलेल्या माणसाच्या हाडावर डोळ्यांना दिसेल अशी एकही खूण उमटत नाहीं. तेवढी सवडच रोग देत नाहीं. (दातांच्या गाभ्यांतून प्लेगच्या जंतूचा अंश आज हुडकतां येतो, तो विषय निराळा.) हाड झिजावयास वर्षें लागतात. म्हणून झिजलेलें हाड हा आधीं जगल्याचा पुरावा आहे, मग दुखण्याचा. जेम्स वुड व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९२ सालीं हा विरोधाभास मांडला; तेव्हां स्वच्छ हाडें निघालीं म्हणून गांव निरोगी होतें असें म्हणण्याची घाई करूं नये.

मग तीं वर्षें त्यानें कशीं काढलीं असतील? गांवानें त्यास पोसलें असें म्हणण्याचा मोह आम्हांसही होतो. परंतु तो रोगासह जगला एवढेंच हाडें सांगतात. कोणाच्या हातचें खाऊन जगला, तें सांगत नाहींत. आमच्या लहानपणीं देवळाच्या पायऱ्यांवर महारोगी बसलेले असत. आई पदराच्या टोकाची गांठ सोडून पैसा टाकी, पण दुरून. आणि आमचा हात घट्ट धरून पलीकडच्या बाजूनें नेई. दया आणि भीति या दोन्ही त्या एका पैशांत होत्या. बहुऔषधी उपचारानें हा रोग पूर्ण बरा होतो, हें आज आम्ही जाणतों. तिला तें कोणी सांगितलें नव्हतें.

त्या पुरुषास दगडी कोटाच्या आंत, जळून कांचेसारख्या झालेल्या शेणाच्या राखेंत पुरलें होतें. बालाथल येथें पुरलेले लोक फारच थोडे आढळले आहेत. या राखेचा संबंध संशोधकांनीं शुद्धीच्या कल्पनेशीं जोडला आहे. तो खरा धरला तरी शुद्धि कोणाची? मेलेल्याची, कीं मागें राहिलेल्यांची? आमचा कल दुसऱ्या पक्षाकडे आहे. तथापि त्यास तेथें ठेवतांना कोणीतरी हात लावला असलाच पाहिजे.