नखुले, फणुले आणि हिरवा पास्ता : घोडेगावच्या पाट्यावरून

अहिल्यानगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाताना लागणारे घोडेगाव कांद्याच्या आणि जनावरांच्या बाजारासाठी ओळखले जाते. पास्त्यासाठी नक्कीच नाही. तरीही आजचा धागा नेवासे तालुक्यातील या गावातूनच सुरू करू. फाल्गुन संपत आला आहे. शिवारात हरभऱ्याचे शेवटचे सोलाणे, हिरवीगार कांद्याची पात, ओला लसूण आणि कोथिंबीर आहे. गहू खळ्यावर आला की अंगणात शेवयांचे पाट मांडले जातील. वसंतातला ताजा पास्ता आणि त्यावरचे हिरवे पेस्तो यांना जे जे लागते, ते जवळजवळ सगळे येथे आहे. मग यातले परके काय आणि आपले काय?

या विषयावर दोन दावे सतत फिरत असतात. पहिला असा की मार्को पोलोने चीनहून शेवया नेल्या आणि त्यांचा इटलीत पास्ता झाला. ही कथा तारखांपुढे टिकत नाही. मार्को पोलो व्हेनिसला परतला १२९५ साली. त्याच्या सोळा वर्षे आधी, १२७९ मध्ये, जिनोव्हाच्या एका नोटरीने पोन्झिओ बास्तोने नावाच्या सैनिकाच्या मालमत्तेची यादी केली, तीत मकरोनीने भरलेल्या एका टोपलीची नोंद आहे. त्याही आधी, ११५४ मध्ये, सिसिलीच्या दरबारातील भूगोलकार अल इद्रिसी लिहितो की पालेर्मोजवळच्या त्राबिया गावी ‘इत्रिया’ नावाच्या वाळवलेल्या शेवया मोठ्या प्रमाणावर होतात आणि जहाजे भरून परदेशी जातात. म्हणजे मार्को पोलोचा जन्म होण्यापूर्वीच सिसिलीत वाळवणाचा व्यापार भरभराटीला आला होता.

दुसरा दावा आपल्याला अधिक गोड वाटतो: पास्ता म्हणजे आपल्याच शेवया, त्यांनी आपल्याकडून नेल्या. आपल्या शेवया जुन्या आहेत, यात शंका नाही. चालुक्यकाळात, १०२५ च्या सुमारास, दुसऱ्या चावुंडरायाने कन्नडमध्ये लिहिलेल्या ‘लोकोपकार’ ग्रंथात शेवया आणि त्यांचा साचा यांचा उल्लेख येतो. सोळाव्या शतकातील ‘भावप्रकाश’ या वैद्यकग्रंथात ‘सेविका’ आहे: गव्हाच्या पिठाच्या बारीक वळ्या करून वाळवायच्या, दुधात शिजवायच्या, तूप-साखर घालून खायच्या. आजही लग्नघरची खीर आणि ईदचा शिरखुर्मा याच वाटेने जातात. परंतु जुने असणे वेगळे आणि दुसऱ्याचे जनक असणे वेगळे. चीनमधील लाजिया येथे सुमारे ४००० वर्षांपूर्वीच्या शेवया सापडल्याचे २००५ साली जाहीर झाले. त्या नेमक्या कोणत्या धान्याच्या, यावर पुढे वाद झाला. पण त्या आपल्याकडून गेल्या असे कोणी म्हणत नाही. पीठ भिजवले की त्याला ओढून, वळून, दाबून पाहण्याची बुद्धी माणसाला अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे सुचू शकते.

मोहाची एक जागा घोडेगावाच्या अगदी जवळ आहे, म्हणून तिचाही निकाल लावून टाकू. प्रवराकाठच्या नेवाशाचे उत्खनन ह. धी. सांकळिया यांच्या नेतृत्वाखाली १९५४ ते १९५६ या काळात झाले. ताम्रपाषाणयुगीन वस्तीपासूनचे थर तेथे सापडले. सातवाहनकाळाच्या आसपासच्या थरांतून गोल फिरणारी जाती मिळाली आणि भूमध्यसागरी बनावटीच्या कुंभांचे तुकडेही मिळाले. आता ‘रोमनांनी नेवाशात पास्ता आणला’ किंवा ‘नेवाशाने रोमला शेवया शिकवल्या’ असे शीर्षक सुचणे सोपे आहे. पण असे कुंभ द्राक्षासव आणि तेल यांच्या वाहतुकीचे. त्यांतून कणकेची कला आली-गेली असे दाखवणारा एकही पुरावा नाही. खापर जेवढे बोलते तेवढेच ऐकावे.

खरे साम्य शेवयांच्या दोऱ्यात नाही, ते आपल्या रुखवतात आहे. लग्नघरी मुहूर्त करून सुवासिनी गव्हले वळायला बसतात. भिजवलेल्या रव्याचा चिमूटभर गोळा दोन बोटांत फिरवून गव्हाच्या दाण्याएवढा करायचा, तो गव्हला. नखाने दाबून खोलगट केला की नखुला. स्वच्छ फणीच्या दातांवर दाबून रेघा उमटवल्या की फणुला. यांच्या पंगतीत मालत्या आणि बोटवेही येतात. आता इटलीकडे पाहा. रोमान्या प्रांतातील गार्गानेल्ली फणीसारख्या पट्टीवर वळतात. काव्हातेल्ली बोटाने दाबून ओढतात. आणि जिनोव्हा ज्या लिगुरिया प्रांतात आहे, तेथे पेस्तोबरोबर खायची त्रोफिए तळहाताखाली पीळ देत वळतात. साचा नाही, यंत्र नाही. बोट, नख आणि फणी हीच अवजारे. दोन्हीकडे हे काम बहुतांशी बायकांच्या हातचे, गप्पा मारत, घोळक्याने बसून करायचे.

हे आकार शिजताना विरघळत नाहीत, ते गव्हामुळे. पास्त्याचा गहू म्हणजे दुरम, आणि आपल्या कोरडवाहू रानातले बक्षी किंवा बन्सी गहू याच जातीचे. दाणा कठीण, पिवळसर झाक असलेला; दळताना त्याचे पीठ न होता रवा पडतो. म्हणूनच आज्या शेवया-कुरडयांसाठी बक्षी गव्हाचा हट्ट धरीत. हा गहू उंच वाढे, तांबेऱ्याला बळी पडे आणि उतारा कमी देई. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात कल्याणसोना आणि सोनालिका हे बुटके, पोळीचे गहू आले. इकडे मुळा धरणाच्या कालव्यांनी पाणी आणले, ऊस आणला. त्या बदलाला नावे ठेवणे सोपे आहे; रेशनच्या रांगेत मिलो खाल्लेल्या पिढीला ते कोणी विचारू नये. मात्र बक्षी गहू मागे पडला आणि त्याबरोबर हातांची सवयही. निफाडच्या संशोधन केंद्राचे ‘पंचवटी’ आणि ‘गोदावरी’, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा ‘एमएसीएस ४०२८’ हे सुधारित वाण दुरमचेच आहेत. बियाणे परत येऊ शकते. वळणारी बोटे तयार व्हायला मात्र पावशेर रवा आणि काही दुपारी लागतात.

आता हिरव्या वाटणाकडे. ‘पेस्तो’ या शब्दाचा अर्थ कुटलेले, ठेचलेले. म्हणजे सरळ मराठीत ठेचा! जिनोव्हाच्या पेस्तोची पहिली छापील कृती १८६३ साली जोव्हान्नी बात्तिस्ता रात्तो यांच्या पाकपुस्तकात आली, आणि गंमत अशी की ‘अस्सल’ पेस्तोचे आजचे पहारेकरी ती वाचून दचकतील. तुळशीच्या कुळातील बेसिल नसेल तर मरवा आणि पार्सली चालेल, असे रात्तो सांगतात. शिवाय चीज चक्क हॉलंडचेही चालते. बेसिल म्हणजे आपला सब्जा, ज्याचे बी फालुद्यात पडते. तो मूळचा आशिया-आफ्रिकेच्या उष्ण प्रदेशातला. मरवा आपण गजऱ्यात माळतो. आणि आपल्या ठेच्यातली मिरची व शेंगदाणा? दोन्ही अमेरिका खंडातून, पोर्तुगीज भारतात आल्यानंतरचे पाहुणे. शिवकाळाच्या शंभर-दीडशे वर्षे आधी या मुलखात हिरव्या मिरचीचा ठेचा नव्हता, हे मान्य करायला जड जाते खरे. जुना आहे तो पाटा, जुना आहे लसूण आणि जुनी आहे कोथिंबीर.

तर प्रयोग असा. चौघांसाठी ३०० ग्रॅम बारीक बक्षी रवा, चिमूटभर मीठ, साधारण १५० मिली कोमट पाणी. दहा मिनिटे चांगले मळावे आणि ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवावे. ही विश्रांती चुकवली तर रवा हाताला साथ देत नाही. मग करंगळीएवढ्या जाड वळ्या करून हरभऱ्याएवढे तुकडे कापावेत आणि नव्या, स्वच्छ फणीवर अंगठ्याने दाबत पुढे ढकलावेत. पहिले वीस-पंचवीस फणुले वाकडे होतात. होऊ द्यावेत.

पाट्यावर आधी जाडे मीठ आणि ओल्या लसणाच्या चार पाकळ्या, मग दोन मूठ भाजलेले शेंगदाणे, एक हिरवी मिरची, त्यानंतर दोन वाट्या कोथिंबीर आणि मूठभर सब्ज्याची पाने. दोन मिनिटे उकळून गार पाण्यात टाकलेले वाटीभर सोलाणे शेवटी घालून ओबडधोबड वाटावे आणि अर्धी वाटी करडईचे तेल मिसळावे. मिक्सर वापरायचा तर भांडे आधी थंड करावे, कारण पात्यांच्या उष्णतेने पाने काळवंडतात. फणुले भरपूर खारट उकळत्या पाण्यात टाकले की चार-पाच मिनिटांत वर येतात. एक चाखून पाहावा आणि मगच काढावेत. त्यांच्याच शिजलेल्या पाण्याचे दोन पळे घालून वाटण विस्तवाखाली उतरवलेल्या पातेल्यात कालवावे. वरून लिंबू आणि बारीक चिरलेली कांद्याची पात. चीज हवे त्याने घालावे. रात्तोंची हरकत नसावी.

पोन्झिओ बास्तोनेची मकरोनीची टोपली एका नोटरीने लिहून ठेवली, म्हणून साडेसातशे वर्षांनी आपण त्याचे नाव घेतो. नेवासे तालुक्यात रुखवतासाठी गव्हले वळणाऱ्या बायकांचे नाव कोणत्या दप्तरात आले? हुंडा, जमीन, वतन यांचे कागद सापडतात. नखुल्यांच्या ताटाचा कागद सापडत नाही. तुमच्या घरी कोणाला मालत्या आणि बोटवे अजून वळता येत असतील, तर या चैत्रात त्यांच्याजवळ बसून ते शिका. त्यांचे नाव, गाव, गव्हाची जात आणि आकाराला त्या काय म्हणतात, हे तारीख घालून वहीत उतरवून घ्या. पुढच्या धाग्यात कुरडई आणि तिचा सोऱ्या.