रक्ताचा हिशेब : विल्यम हार्वे आणि चौदाशे वर्षे टिकलेला एक समज

१/ प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ५ लिटर रक्त असते. हृदय दर ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त पुढे ढकलते, म्हणजे मिनिटाभरात जवळजवळ सगळेच रक्त एक फेरी पूर्ण करते. आज शालेय पुस्तकात असलेली ही गोष्ट चारशे वर्षांपूर्वी युरोपातील कोणत्याही विद्यापीठात शिकवली जात नव्हती.

२/ तेथे प्रमाण होता दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गॅलेन. त्याच्या मते अन्नापासून यकृतात रक्त तयार होते, शिरांतून अवयवांकडे जाते आणि पाटाचे पाणी शेतात मुरावे तसे तेथेच मुरते. त्यातले थोडे रक्त हृदयाच्या मधल्या पडद्यातील सूक्ष्म छिद्रांतून उजवीकडून डावीकडे झिरपते.

३/ गॅलेनचा अभ्यास मुख्यतः माकडे, डुकरे अशा प्राण्यांच्या विच्छेदनावर आधारलेला होता. त्या छिद्रांना तेराव्या शतकातच इब्न अल-नफीस या अरब वैद्याने नकार दिला होता; रक्त फुप्फुसांतून डावीकडे येते, असे त्याने लिहिले. १५४३ मध्ये व्हेसॅलियसने मानवी शवविच्छेदनाच्या आधारे गॅलेनच्या अनेक चुका दाखवल्या. तरीही रक्त अवयवांत खर्ची पडते, हा मूळ समज ढळला नाही.

४/ इटलीतील पडुआ येथे फॅब्रिसियस हा अध्यापक विद्यार्थ्यांना शिरांच्या आतील इवल्या झडपा दाखवत असे. रक्त हातापायांत एकदम साचू नये म्हणून त्या असाव्यात, असे त्याला वाटे. त्याचा इंग्रज विद्यार्थी विल्यम हार्वे १६०२ मध्ये पदवी घेऊन मायदेशी परतला. पुढे त्याच्या ध्यानात आले, की या झडपा रक्ताला केवळ हृदयाच्या दिशेनेच वाट देतात.

५/ मग हार्वेने साधा गुणाकार मांडला. हृदय एका ठोक्याला अवघे अर्धा औंस रक्त बाहेर टाकते असे धरू. अर्ध्या तासात किमान १००० ठोके पडतात. म्हणजे ५०० औंस रक्त! एवढे रक्त सबंध शरीरातही नसते. मग अर्ध्या तासात इतके नवे रक्त कोणत्या अन्नातून तयार होणार? निष्कर्ष एकच उरतो : तेच रक्त पुन्हा पुन्हा फिरते.

६/ पुराव्यासाठी त्याने दंडाला पट्टी बांधली. पट्टी करकचून आवळली की मनगटाची नाडी थांबते आणि हात गार पडू लागतो. किंचित सैल केली की खोलवरच्या धमन्यांतून रक्त पुन्हा हातात शिरते. पण वरच्या थरातल्या शिरा दबलेल्याच असल्याने ते परतू शकत नाही. पट्टीखालच्या शिरा टम्म फुगतात. धमन्यांतून जाणे आणि शिरांतून परतणे, हा मार्ग त्यातून उघड झाला.

७/ १६२८ मध्ये फ्रँकफर्ट येथे हार्वेचा लहानसा लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध झाला. तेव्हा तो राजवैद्य होता. तरीही समकालीन चरित्रलेखक जॉन ऑब्रे सांगतो, की त्यानंतर त्याचे रुग्ण बरेच घटले. पॅरिसमधील शरीररचनाशास्त्रज्ञ रिओलाँ याने अखेरपर्यंत गॅलेनची बाजू लढवली.

८/ विरोधकांच्या हाती एक खरा प्रश्नही होता. धमन्यांतील रक्त शिरांत पोहोचते कसे? हार्वेला तो दुवा दिसला नव्हता. तो १६५७ मध्ये निवर्तला. चारच वर्षांनी, १६६१ मध्ये, इटलीच्या माल्पिघीने सूक्ष्मदर्शकातून बेडकाच्या फुप्फुसातील केसाहून बारीक वाहिन्या पाहिल्या. त्याच केशवाहिन्या.

९/ मात्र उपचारांची रीत लगेच पालटली नाही. शीर कापून रक्त काढण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकापर्यंत चालली, आणि स्वतः हार्वेनेही ती सोडली नव्हती. पण रक्त फिरते हे कळल्यानंतरच शिरेवाटे औषध देण्याच्या उपायाला अर्थ आला. हाताच्या शिरेत थेंबथेंब सोडलेले सलाइन सर्व शरीरात पोहोचते, ते हार्वेने मांडलेल्या त्याच वाटेने.